लांब काटा सरकला

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी दुकानात येतं, मनगट माझ्या नाकासमोर धरतं आणि म्हणतं, हा लांब काटा बंद पडलाय. घड्याळ नवंकोरं असतं. आत छोट्या छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं, आणि मधला लांब काटा बारावर ढिम्म. मी विचारते, बटण दाबून बघितलंत का? तर म्हणतात, भीती वाटली हो, काही बिघडलं तर? मग बटणं काय शोभेला दिलीत का, असं मी तोंडावर विचारते. म्हणूनच तुझं दुकान हवं तेवढं चालत नाही, असं वहिनी म्हणते. असेल. पण माझं डोकं फिरतं. माणसं एक अख्खं यंत्र हाताला बांधून गावभर फिरतात आणि ते काय करतं याचा त्यांना पत्ता नसतो.

मग मी समजावते. याला क्रोनोग्राफ म्हणतात. यात दोन कामं चालतात. पहिलं वेळ दाखवायचं. ते अखंड चालू, आणि त्याचा सेकंदकाटा वेगळा, तो बघा, त्या छोट्या तबकडीत धावतोय. दुसरं काम वेळ मोजायचं. लांब काटा त्या दुसऱ्या कामावर आहे. वरचं बटण दाबलं की तो निघतो, तेच पुन्हा दाबलं की थांबतो, आणि मग खालचं दाबलं की शून्यावर परत येतो. सांगितल्याशिवाय निघत नाही, सांगितल्याशिवाय थांबत नाही. इतकं ऐकणारं माझ्या घरात कुणी नाही, असं म्हटलं की गिऱ्हाईक हसतं आणि जातं.

माझी ही टकळी आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मला घरी टिकू म्हणतात, कारण लहानपणापासून वडिलांच्या मागे मागे याच दुकानात बसायचे. दादाला मात्र इथे घटकाभर बसवायचं नाही. तो पाण्यातला माणूस. मोठा झाला आणि पोहायला शिकवायला लागला. तलावाच्या काठावर अनवाणी, गळ्यात शिट्टी, आणि मनगटावर मीच साफ करून दिलेला एक जुना, अस्सल क्रोनोग्राफ. बाकीचे कोच प्लास्टिकचं स्टॉपवॉच हातात धरायचे. दादा म्हणायचा, त्याचं बटण दाबलेलं अंगठ्याला कळतच नाही. पोर भिंतीला लागलं रे लागलं की याचा अंगठा आपोआप बटणावर. चहा पिताना, गप्पा मारतानासुद्धा तो अंगठा हवेत दाबला जायचा, आणि वहिनी त्याची नक्कल करून आम्हाला हसवायची.

पोरं कुरकुर करायची, सर, मी याच्यापेक्षा जोरात आलो होतो. दादाचं उत्तर ठरलेलं होतं. मी खोटं बोलेन, तुझी आई खोटं बोलेल, घड्याळ बोलणार नाही.

त्याची लेक म्हणजे आमची बेडकी. हे नाव त्यानेच ठेवलेलं, तिच्या पाय मारण्यावरून. शाळेत कुणी त्या नावाने हाक मारली तर ती बोचकारायची, घरात मात्र खऱ्या नावाने बोलावलं तर ओ द्यायची नाही. एका श्वासात पाण्याखालून अख्खा तलाव पार करायचा तिचा ध्यास होता. तलाव बंद असतो अशा एका दुपारी बापलेक गेले. लांबच्या टोकाला फरशी धुणारा सफाईवाला सोडला तर तिथे दुसरं कुणी नव्हतं. दादाने बटण दाबलं आणि ती खाली गेली.

पलीकडची भिंत थोडी राहिली असताना ती हलेनाशी झाली. दादाने घड्याळासकट उडी मारली. तिला तळातून वर आणली, काठावर आडवी केली आणि तोंडाने श्वास देत राहिला. सफाईवाला धावत आला, मग गाडी, मग दवाखाना. बेडकी परत आली नाही.

वहिनी आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दादा ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून उभा होता आणि एकच वाक्य म्हणत होता. मी लगेच उडी मारली. मी लगेच उडी मारली. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सरळ विचारलं, पाण्याखाली किती वेळ होती? दादाने सवयीने मनगट वर केलं. काचेच्या आतून वाफ धरली होती, पाणी जाऊन घड्याळ बंद पडलेलं होतं, पण काटे दिसत होते. मिनिटं मोजणारा छोटा काटा चारच्या पुढे गेला होता आणि लांब काटा सहाच्या जरा पुढे उभा होता. दादाने ते वाचलं. रोज पन्नास पोरांचं वाचायचा तसं, मोठ्यांदा. साडेचार मिनिटं.

वहिनी त्याच्या शेजारीच उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे बघितलं. त्यानंतर ते वाक्य दादाच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

कारण आम्हा सगळ्यांनाच त्याचा अंगठा माहीत होता. नजर उचलायच्या आधी त्याचा अंगठा बटणावर जायचा. म्हणजे उडी मारायच्या क्षणी त्याने घड्याळ थांबवलं असणार. म्हणजे घड्याळात दिसतोय तेवढा वेळ तो काठावर उभा होता, पोर पाण्याखाली असताना. दादालाही तेच वाटलं. आपण थांबवल्याचं आठवतंय का, असं त्याला कुणी विचारलं असतं तर तो गोंधळला असता. श्वास घेतल्याचं कुणाला आठवतं?

वहिनीने ते घड्याळ घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, बेडकीच्या फोटोशेजारी ठेवलं. याला कुणी हात लावायचा नाही, एवढंच म्हणाली. मी एकदा म्हटलं, आत पाणी आहे, गंज खाऊन टाकेल, निदान उघडून पुसून देते. ती म्हणाली, खाऊ दे.

बेडकी आज असती तर लग्नाचा विषय निघून दोनदा भांडणं झाली असती, इतका काळ लोटला. त्या घरात जायचं माझ्या जिवावर यायचं, पण जायचे. दादाची खुर्ची कपाटाकडे पाठ करून ठेवलेली. तलाव त्याने त्याच महिन्यात सोडला, एका गोदामात माल मोजून घ्यायची नोकरी धरली. वहिनी घरीच शिवणकाम करते. तिचं मशीन कपाटासमोर, म्हणजे मान वर केली की काच, आणि काचेत घड्याळ. दोघं एकमेकांशी बोलायची. जेवायला वाढलंय. विजेचं बिल आलंय. पाहुणे कधी जाणार. पण वहिनी त्याच्यावर कधी चिडली नाही. एकदाही नाही. आधी ही बाई टॉवेल पलंगावर टाकला म्हणून अर्धा तास तोंड चालवायची. आता त्याने भरलं ताट सांडलं तरी फडकं घेऊन पुसून टाकायची. मी वाट बघायचे, आता तरी ओरडेल, आता तरी काहीतरी फेकेल. त्या शांततेची मला भीती वाटायची, अगदी खरं सांगते.

आणि दादा मोजायचा. गॅसवर दूध ठेवलं की त्याच्यासमोर उभा राहायचा, ओठ हलत असायचे. नळाखाली बादली लावली की तेच. मी एकदा चिडून विचारलं, काय पुटपुटतोस रे सारखा? त्याने बादलीवरची नजर हलवली नाही.

"एवढा वेळ मी तिथे उभा होतो, टिकू. साडेचार मिनिटं फार असतात. बादली भरून वाहते एवढ्यात. मी काय करत होतो तेवढा वेळ? मला आठवतच नाही. रोज शोधतो."

तिथून पुढे मीही त्या घरात गेले की तो वेळ मला जाणवायचा, जसा काही घरातला एक माणूस, कुणाशी न बोलणारा, दाराशी उभा असलेला. तिघं चहा प्यायला बसलो तरी वाटायचं, एक कप कमी काढलाय.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी नुकतंच दुकान उघडत होते तर वहिनी समोर उभी. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मी काही चेष्टा करणार तेवढ्यात तिचा चेहरा बघितला आणि तिला आत घेतलं. आत येऊन तिने पिशवीतून एक हातरुमाल काढला, काउंटरवर उलगडला. त्यात दादाचं घड्याळ.

"काटा सरकलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, कुणी हात लावला असेल. ती म्हणाली, कोण लावणार? मग तिने सांगितलं ते असं. कपाटाच्या दाराची बिजागरी निखळली होती म्हणून आदल्या दिवशी सुतार आला होता. तिने त्याला घड्याळाला आणि फोटोला शिवू दिलं नव्हतं, होतं तिथेच ठेवून ठोक म्हणाली होती. तो ठोकाठोक करून गेला. मशीनवर बसून तिने मान वर केली तर लांब काटा सहाजवळ नव्हता. आठाजवळ होता.

"मी रोज बघते तो काटा. मला चुकायचं नाही. टिकू, ती मोजायला लागलीय. तिचं राहिलंय ना, पलीकडच्या भिंतीपर्यंतचं. ते मोजतेय."

वहिनी असलं बोलणारी बाई नाही. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ती हाकलून द्यायची. मी घड्याळ उचललं. काटा खरोखरच आठाजवळ होता. कानाला लावलं, आत मढ्यासारखी शांतता. मग आम्ही सगळे घड्याळजी करतो तेच मी केलं, हातात धरून हलकेच हिसका दिला.

आत काहीतरी जागं झालं. छोट्या तबकडीतला सेकंदकाटा चालायला लागला. आणि त्याच्याबरोबर लांब काटाही निघाला. आठ ओलांडून दोन-चार घरं पुढे गेला. मग दोन्ही एकदम थांबले.

वहिनीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. माझ्या दुकानात भिंतभर घड्याळं आहेत आणि त्यांचा आवाज मला वर्षानुवर्षं ऐकू येत नाही. त्या वेळी प्रत्येकाचा वेगवेगळा ऐकू आला. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की पोरगी इथेच कुठेतरी आहे, ओले केस घेऊन उभी आहे.

मग डोक्यात काहीतरी खटकलं. भीती तशीच होती, पण तिच्या आतून धंद्याची बाई जागी झाली. गंजाने अडकलेलं चाक ठोकाठोकीने सुटतं, गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये जुना जोर शिल्लक असला तर घड्याळ चार पावलं चालतं आणि पुन्हा अडकतं. हे मी शंभरदा बघितलंय. पण मग फक्त छोटा सेकंदकाटा चालायला हवा. लांब काटा का चालला? त्याला तर दादाने थांबवलं होतं. सांगितल्याशिवाय तो निघत नाही.

मी वहिनीला स्टुलावर बसवलं आणि घड्याळाची पाठ उघडली. भिंग डोळ्याला लावलं. एका बाजूला गंजाचा पट्टा होता, बॅलन्सच्या, म्हणजे त्या सतत डोलणाऱ्या चाकाच्या अंगाला. बाकीचं यंत्र काळवंडलेलं, पण शाबूत. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. खाली ठेवलं. पाणी प्यायले. पुन्हा बघितलं.

मग मी कपाटातून दुसरा एक चालू क्रोनोग्राफ काढला, त्याचीही पाठ उघडली, भिंग वहिनीच्या डोळ्याला लावलं आणि तिला दाखवायला लागले. हे खांबांचं चाक बघ, किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे दात आहेत ते. बटण दाबलं की ते एक घर फिरतं. आता बघ, मी दाबते. तो पट्टीसारखा हात बघ, खांबांच्या मधल्या फटीत पडला. त्या हाताच्या टोकाला एक छोटं चाक आहे, ते जाऊन मधल्या चाकाला भिडलं. मधलं चाक म्हणजे लांब काट्याचं. भिडलं की काटा चालला. आता पुन्हा दाबते. चाक आणखी एक घर फिरलं, हात खांबावर चढला, छोटं चाक सुटलं, आणि ही दुसरी पट्टी मधल्या चाकाला टेकली, हा ब्रेक. काटा थांबला. घड्याळ मात्र चालूच आहे.

वहिनी म्हणाली, "बॉबिन भरताना मी मशीनचं चाक सैल करते तसं. चाक फिरतं, सुई उभी."

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगतेय, एकालाही इतक्या पटकन कळलं नव्हतं. म्हटलं, अगदी तसंच. आता हे बघ. आणि दादाचं घड्याळ भिंगाखाली धरलं.

तिने बराच वेळ बघितलं. तिचा श्वास काचेवर जमत होता, मी पुसत होते.

"हात फटीत आहे," ती म्हणाली. "ब्रेक वर उचललेला आहे."

"हो."

"म्हणजे सुई सैल केलेलीच नाही."

"नाही. त्याने थांबवलंच नव्हतं, वहिनी. घड्याळ बंद पडलं म्हणून काटा थांबला."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही, पण मी सांगितलं, कारण मला स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं. ती पोहत होती, तो काठावर उभा होता, ते त्यात आहे. उडी मारली ते त्यात आहे. तळाशी गेला, तिला धरली, वर आणली, काठावर चढवली, तोंडात हवा भरत राहिला, ते सगळं त्यात आहे. पाणी किल्लीच्या बाजूने झिरपत झिरपत बॅलन्सपर्यंत पोचलं आणि घड्याळ मेलं, तोवरचं सगळं. साडेचार मिनिटं ती एवढ्या सगळ्याची होती.

"मग काठावर किती वेळ उभे होते?"

"ते घड्याळाला माहीत नाही. ते दादालाच माहीत."

वहिनीने हातरुमालाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. मग म्हणाली, त्यांनी मला सांगितलं होतं गं. दवाखान्यात, पहिल्यांदा. मी ऐकलं होतं. आणि मग मी त्या काट्यावर विश्वास ठेवला आणि त्यांच्यावर नाही. ती रडली नाही. मला रडू आलं आणि मी उगाच दुकानाच्या शटरवर राग काढला, की हे अर्ध्यातच का अडकतं.

ती म्हणाली, तूच चल आणि तूच सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मला कीव आली.

दुपारी दादा जेवायला घरी येतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पांढरा कागद पसरला, त्यावर दोन्ही घड्याळं, चिमटा, भिंग. तो दारातच थांबला. रिकाम्या कपाटाकडे बघितलं, मग वहिनीकडे. ती म्हणाली, बसा. तो तिथेच, घड्याळापासून लांबची खुर्ची ओढून बसला.

मी सगळं पुन्हा सांगितलं. चालू घड्याळावर दाखवलं, मग त्याचं घड्याळ दाखवलं. त्याने भिंगातून बघितलं. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा उजळेल. कसलं काय. तो कपाळाला आठ्या घालून बसला, जसा एखाद्या पोराचा वेळ फारच चांगला आला की संशयाने बसायचा. मग म्हणाला, बटण अडकलं असेल.

मी म्हटलं, म्हणजे?

"मी दाबलं असेल आणि लागलं नसेल. आत पाणी, ओला अंगठा. दाबलं असणारच, टिकू. माझा अंगठा आहे हा."

तो स्वतःच्या विरुद्ध वकिली करत होता. माझा संताप झाला. त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण शंका बरोबर होती, आणि तिला उत्तर एकच होतं, आणि ते मला सकाळपासून माहीत होतं. म्हणून तर मी बटणाला बोट लावलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, नीट ऐका. आत्ता हे बटण दाबायचं. चाक एक घर फिरलं, हात उचलला गेला, तर बटण चांगलं आहे. इतक्या वर्षांच्या गंजानंतर चांगलं आहे म्हणजे त्या दिवशीही चांगलं होतं, आणि दादाने ते दाबलंच नाही. चाक फिरलं नाही, तर दादा म्हणतो ते खरं असू शकेल, आणि मग मला काहीच सांगता येणार नाही. पण हे एकदाच. एकदा दाबलं की आतली ही स्थिती गेली. पुन्हा कुणाला दाखवता येणार नाही.

मी वहिनीकडे बघितलं, कारण घड्याळ तिचं होतं. इतकी वर्षं तिने ते कुणाला शिवू दिलं नव्हतं.

दादाने भिंग डोळ्याला लावलं आणि वाकला. उजवा हात पुढे केला. अंगठा बटणावर ठेवला. सवय लागलेला, आयुष्यभर आपोआप खाली जाणारा अंगठा, आणि आता त्याला दाबता येत नव्हतं. मला भीती वाटली की तो हात मागे घेईल आणि आणखी तितकीच वर्षं दुधासमोर उभा राहील.

वहिनी उठली, त्याच्या खुर्चीमागे आली. तिने आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबलं.

बारीकसा टच्च आवाज झाला. मला भिंगाशिवायही कळलं, तो आवाज मी ओळखते.

"काय दिसलं?" वहिनीने विचारलं.

"फिरलं," दादा म्हणाला. "हात वर गेला. ब्रेक बसला."

त्याने भिंग काढलं नाही. तसाच वाकून राहिला, त्याच्या नाकावरून पाणी कागदावर पडत होतं, घड्याळात पडू नये म्हणून मी ते हळूच बाजूला ओढलं. आणि मग, आवाज असा की जणू बऱ्याच दिवसांनी कुलूप उघडतंय, तो म्हणाला,

"मी लगेच उडी मारली होती."

"हो," वहिनी म्हणाली. "सांगा मला. पहिल्यापासून."

आता इथे माझं काही काम नव्हतं. मी चिमटा पिशवीत टाकला, चालू घड्याळ टाकलं, दादाचं तिथेच राहू दिलं. दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी बाहेरच्या खोलीत येऊन चपला शोधायला लागले. आतून दादाचा आवाज येत होता. घरातून निघाल्यापासून त्याने सुरुवात केली होती. वाटेत बेडकीने त्याला काय काय बडबडून दाखवलं, तलावाचं दार उघडायला सफाईवाल्याने कसा वेळ लावला. मग म्हणाला, ती टोपी घालायलाच तयार नव्हती, मी जबरदस्ती घातली.

"टोपी तिला घट्ट होत होती," वहिनीचा आवाज चढला. "मी दहादा सांगितलं होतं तुम्हाला, नवी आणा, नवी आणा. कधी ऐकलंत माझं? कधीच ऐकत नाही तुम्ही."

मी एक चप्पल पायात, एक हातात, तशीच दारात उभी राहिले. इतक्या वर्षांत वहिनी त्याच्यावर पहिल्यांदाच चिडली होती.